पोर्चमधला तेलाचा डाग

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला किस्से जमवायला कुठे जावं लागत नाही. ते बोनेटखाली धुळीसारखे आपोआप साचतात. मग एखाद्या दिवशी कुणीतरी विचारतं, "काय हो, तुमची गाडी हल्ली दिसत नाही?" आणि एकामागून एक बाहेर पडायला लागतात. आज तुम्ही विचारलंत, म्हणून सांगतो. हसायला आलं तर खुशाल हसा. मलाही काही ठिकाणी हसू आलं होतं. सगळ्याच ठिकाणी नाही.

आधी माणसं सांगून टाकतो, म्हणजे घोळ नको. घर इकडे हिंदी मुलखात, अशोका गार्डन नावाच्या वस्तीत. खाली मी आणि ही, म्हणजे कुमुद. वरच्या मजल्यावर आमचा निखिल, त्याच्या कुटुंबासकट. लेक पल्लवी पुण्यात, पण मोबाइलमधून ती दिवसभर आमच्याच घरात असते. मी सिंचन खात्यातून रिटायर झालो. सगळी नोकरी कालव्यांची गळती शोधण्यात गेली. निखिल म्हणतो, "म्हणूनच बाबा, तुम्हाला गळती दिसली की घरच्यासारखं वाटतं!"

आणि गाडी. पांढरी, पल्लवी शाळेत होती तेव्हा घेतलेली. कंपनीनं ते मॉडेल केव्हाच बंद केलं. मी केलं नव्हतं.

*

सुरुवात टाइल्सपासून झाली.

निखिलनं पोर्चमधलं जुनं सिमेंट झाकून नव्या टाइल्स बसवल्या. फिक्या, दुधी रंगाच्या. बसवून आठवडा झाला नसेल, एका सकाळी तो पोर्चमधून ओरडला, "बाबा! गाडी लीक करतेय!"

मी चष्मा लावून गेलो. इंजिनखाली रुपयाएवढा काळा डाग.

"कधीपासून आहे हे?" त्यानं डॉक्टरच्या आवाजात विचारलं.

आता काय सांगणार? जुनं सिमेंट मुळातच काळं. त्यावर तेल पडलं काय नि शाई पडली काय, कोण बघायला जातंय? गाडी कदाचित कित्येक वर्षं गळत असेल आणि गुण्यागोविंदानं चालतही असेल.

"गळती जुनीच असेल रे," मी म्हटलं. "टाइल्स नव्या आहेत!"

त्याला ते पटलं नाही. त्या दिवसापासून घरात गाडीचं नाव बदललं. आधी ती 'आपली गाडी' होती. आता ती 'बाबांची गाडी' झाली.

*

मग गल्ली आली.

आमच्या गल्लीत कुणी गाडीखाली वाकलेला दिसला की येणारा-जाणारा प्रत्येक जण वाकतो. ही इथली रीतच आहे. सगळ्यात आधी शेजारचे चौकसेजी आले. त्यांनी डागात बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले.

"पानी है भाईसाहब. एसी का."

भर जानेवारीत! आणि त्या गाडीचा एसी चालू होऊन जमाना झाला होता. मी तसं म्हटलं, तर त्यांनी ते बोट माझ्याच गेटला पुसलं आणि म्हणाले, "तो फिर ब्रेक ऑइल होगा."

त्यांच्यामागून दूधवाला आला, मग समोरच्या घरातले, मग कुणाचा तरी जावई. एकानं गिअर बॉक्स सांगितला, एकानं पॉवर स्टिअरिंग. पॉवर स्टिअरिंग त्या गाडीला मुळात नव्हतंच! जावईबापूंनी तर मोबाइलवर व्हिडिओ लावून दिला. त्यात एक गोरा माणूस भलतीच गाडी खोलत बसला होता.

मागच्या वर्षी मी टायफॉइडनं अंथरुणाला खिळलो होतो. तेव्हा यातला एकही माणूस दारात फिरकला नव्हता. गाडीला थेंब सुटला तर अख्खी गल्ली हजर! माझं डोकंच फिरलं. आत येऊन मी हिला तसं बोलून दाखवलं.

ही भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, तुमच्याखाली डाग पडला नव्हता ना!"

*

शकीलभाईंचं गॅरेज रेल्वेलाइनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. माणूस माझ्याच वयाचा आणि माझ्याइतकाच चिडका. गाडी नवी होती तेव्हापासून तेच बघतात. "हे माझ्याकडून चुकलं" असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही, आणि माझ्या तोंडून त्यांनीही ऐकलं नसेल. म्हणूनच आमचं जमलं.

ते म्हणाले, "साहब, रात को गाड़ी के नीचे गत्ता बिछा दो. सुबह देखेंगे बूँद कहाँ गिरी."

निखिलच्या नव्या टीव्हीचा पुठ्ठा माळ्यावर पडून होता. तो मी गाडीखाली अंथरला, चाकांच्या जागा स्केचपेननं आखल्या, पुढची बाजू कुठली तेही लिहिलं. म्हणजे सकाळी पुठ्ठा बाहेर काढला तरी थेंब नेमका कशाखाली पडला ते कळावं. खात्यात असताना नकाशे काढायचो, त्याच निगुतीनं सगळं केलं आणि समाधानानं झोपलो.

सकाळी पुठ्ठा गायब! कचरागाडी येऊन गेली होती आणि हिनं तो देऊन टाकला होता.

"अहो, तेलकट झाला होता, म्हणून दिला."

"अगं, तेलकट व्हावा म्हणूनच ठेवला होता!"

दुसरा पुठ्ठा ठेवला. त्यावर डाग मिळाला, इंजिनच्या तळाशी तेलाचं जे चेंबर असतं त्याच्या मागच्या कोपऱ्याखाली. तिथे मी ठसठशीत फुली मारली आणि पुठ्ठा काखेत मारून गॅरेज गाठलं. शकीलभाईंनी पुठ्ठ्याकडे बघितलं, बोनेट उघडलं आणि थेट इंजिनच्या डोक्यावरचं टॅपेट कव्हर खोलायला घेतलं.

"अरे मियाँ, दाग नीचे है!" मी ओरडलो.

"साहब, तेल दिखता नीचे है, निकलता ऊपर से है. घर में भी ऐसा ही होता है." त्या दिवशी ते घरून भांडून आलेले असावेत.

कव्हरखालचं पॅकिंग खरंच बिस्किटासारखं कडक झालं होतं. ते बदललं. आता एक थेंब पडणार नाही, असं शकीलभाईंनी छातीवर हात ठेवून सांगितलं.

त्याच रात्री पोर्चमध्ये तोच पुठ्ठा पुन्हा अंथरला. सकाळी नवा थेंब फुलीवरच होता.

*

मग त्यांनी इंजिन धुवायचं ठरवलं. तर्क बरोबर होता. सगळीकडे जुनं तेल आणि त्यावर धूळ चिकटलेली असताना ताजी गळती दिसणार कशी? धुवायचं, कोरडं करायचं, गाडी थोडी फिरवायची, आणि मग ओली रेघ जिथून सुरू होते तिथे आजार.

पाइप लावून इंजिन धू धू धुतलं. आणि मी गाडी फिरवायला म्हणून निघालो, तर चौकात येऊन ती बंद! कुठेतरी वायरिंगमध्ये पाणी शिरलं होतं. भर बाजार, मागे ई-रिक्षांची रांग, सगळ्यांचे हॉर्न एका सुरात.

धक्का मारायला चार जण धावले. आधी मी उतरून बघितलं, मग परत स्टिअरिंगवर बसायला गेलो, तर त्यांच्यातला एक जण मला हातानं बाजूला करून म्हणाला, "दादाजी, आप रहने दो. आप उधर छाँव में खड़े हो जाओ." आणि स्वतः आत जाऊन बसला!

गाडी माझी, किल्ली माझी. त्या गाडीत धक्क्यावर क्लच कधी सोडायचा हे जगात एकट्या मला ठाऊक. त्या पठ्ठ्यानं फर्स्ट गिअर टाकला. गाडी गचका खाऊन जागच्या जागी. पुन्हा धक्का, पुन्हा गचका. मी सावलीतून घसा फोडून ओरडतोय, "सेकंड! सेकंड डालो!" कोण ऐकतंय? म्हाताऱ्याचं ओरडणं लोकांना हॉर्नसारखंच वाटतं, थोड्या वेळानं ऐकू येईनासं होतं.

शेवटी एका भाजीवालीला माझी दया आली. "अरे, बाबूजी को भी धक्का लगाने दो. उनका मन रह जाएगा."

तेव्हा मीही मागे जाऊन माझ्याच गाडीला धक्का मारला. गाडी सुरू झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर मी याबद्दल अवाक्षर काढलं नाही. निखिलला ते संध्याकाळच्या आत समजलं होतं.

*

पुढच्या खेपेला निखिल मुद्दाम माझ्याबरोबर गॅरेजमध्ये आला. लक्ष ठेवायला. गाडीवर की माझ्यावर, ते त्यानं सांगितलं नाही.

शकीलभाईंनी डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी, ओढून काढली आणि ते बघतच राहिले. तेल वरच्या खुणेच्याही कितीतरी वर होतं.

"साहब, इस गाड़ी से तेल निकल रहा है कि इसमें आ रहा है?"

मी म्हटलं, "गळतंय म्हणून दर रविवारी थोडं घालतो मी."

निखिल डिपस्टिककडे बघत म्हणाला, "मी पण घालतो. शनिवारी."

"मला विचारायचं नाही?"

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही 'सगळं ठीक आहे' म्हणाला असता. तुमच्या लक्षात राहत नसेल असं वाटलं, बाबा."

"आणि मला वाटलं तुझं लक्षच नाही!"

शकीलभाईंनी कपाळाला हात लावला. तेल प्रमाणाबाहेर झालं की आत दाब वाढतो आणि जिथलं सील म्हातारं झालंय तिथून ते वाट काढतं. म्हणजे गळतंय म्हणून आम्ही ओतत होतो, आणि ओततोय म्हणून ते आणखी गळत होतं. बाप आणि मुलगा, एका घरात राहून, एकमेकांची नजर चुकवून, एकाच इंजिनात!

"आप लोग घर में बात-वात करते हो कि नहीं?" शकीलभाईंनी विचारलं.

जास्तीचं तेल काढून घेतलं आणि आम्ही निघालो. घर येईपर्यंत आम्ही दोघंही एक शब्द बोललो नाही.

*

हा किस्सा मला सांगायला आवडत नाही, पण तो वगळला तर पुढचं कळणार नाही.

हिच्या गुडघ्याच्या फिजिओथेरपीसाठी आम्ही साकेत नगरला जायचो. अर्थात मीच न्यायचो. गाडीत ही माझ्या शेजारी, डावा हात वरच्या हँडलला. घरात हिची टकळी चालू असते ती तुम्ही ऐकली आहेच. गाडीत मात्र ही फारसं बोलत नाही.

त्या दिवशी हॉस्पिटलच्या रस्त्यावर बोनेटमधून धूर यायला लागला. वरून ओघळणारं तेल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडत होतं, बाकी काही नाही. पण धूर तो धूर. मी बघतोय तोच डावीकडून एक मोटरसायकल आली. कुठून आली ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी स्टिअरिंग वळवलं, त्याचं हँडल आमच्या आरशाला लागलं आणि तो आडवा झाला.

फार काही नाही, कोपर खरचटलं. पण उठून तो जे बोलला! "अंकल, दिखता नहीं तो घर बैठो ना! क्यों लोगों को मारने निकले हो?"

गर्दी जमली. मी खिडकीची काच खाली करून काही बोलणार, तेवढ्यात ही दार उघडून उतरली. तो गुडघा घेऊन! आणि कंबरेवर हात ठेवून त्याच्यापुढे उभी राहिली. "ग़लत साइड से तुम आए और मेरे मिस्टर को बोलते हो? शर्म नहीं आती, इतने बड़े आदमी से ऐसे बात करते हैं?"

गडी चरफडत निघून गेला. मला, काय सांगू, असं वाटलं की लग्न केलं ते बरंच केलं! घरी आल्यावर निखिल काही विचारायच्या आत हिनंच सांगून टाकलं, "यांची काही चूक नव्हती. मी होते ना तिथे."

त्या दिवशी ती जेवली नाही. गुडघा फार दुखतोय म्हणाली.

*

धूर, धक्का आणि मोटरसायकल, तिन्हींचा हिशेब एकदमच निघाला. रविवारी सकाळी घरात बैठक बसली. पल्लवी व्हिडिओ कॉलवर, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला.

"बाबा, इमोशनल होऊ नका. कॅब करत जा ना. दारात येते, दारात सोडते."

"कबाड झाली आहे यार ती बाबा," निखिल म्हणाला. "आज तेल गळतंय, उद्या ब्रेक जाईल. करोंदला मंडीत माझ्या ओळखीचा एक व्यापारी आहे, त्याला जुन्या गाड्यांचा शौक आहे. देऊन टाकू."

गाडीबद्दल बोलताहेत असं दाखवत दोघंही माझ्याबद्दल बोलत होती. तेवढं मला कळतं. डोळे तपासून घ्या, बीपी तपासून घ्या, रिअॅक्शन टाइम का काय ते. मी ऐकत होतो आणि आतून उकळत होतो.

खरं सांगू? मला त्या पत्र्याचं फार कौतुक नव्हतं. पण त्या घरात माझ्या हातात उरलेली ती एकच गोष्ट होती. बँक मोबाइलमध्ये गेली, ती निखिल बघतो. किराणा दारात येतो. पाहुणे आले तर काय बोलू नये तेही मला आधी सांगून ठेवतात. हिला दवाखान्यात न्यायचं असलं की मात्र मी खिसा चाचपून किल्ली काढायचो आणि म्हणायचो, "चल, मी नेतो." ते गेलं की मी गोळ्या घेण्यापुरता उरणार होतो.

तेवढ्यात ही म्हणाली, "चालवू द्या यांना. मी बसते ना शेजारी. मला काही भीती वाटत नाही."

मला एवढा चेव आला की मी टेबलावर हात आपटला. "ही शेवटची दुरुस्ती! यानंतर पुठ्ठ्यावर एक थेंब जरी पडला, तर त्याच दिवशी गाडी द्यायची. माझा शब्द!"

डब्याला टेकलेली पल्लवी म्हणाली, "बाबा, रेकॉर्ड केलंय!"

*

शकीलभाईंनी यावेळी हातचं काही राखलं नाही. गिअर बॉक्स उतरवला, चेंबर खोललं, मागचं ऑइल सील काढलं. आणि खरा चोर सापडला तो ब्रीदरमध्ये. इंजिनच्या आत जो दाब तयार होतो तो बाहेर सोडणारी नळी असते. ती जळक्या तेलाच्या चिखलानं गच्च बुजली होती.

"साँस बंद थी साहब इसकी. साँस बंद होगी तो कहीं से तो फूटेगा ना! हम पैकिंग पे पैकिंग बदल रहे थे." ही त्यांची चूक होती, पण 'हम' म्हणून त्यांनी मलाही त्यात ओढलं.

नळी साफ केली, सगळी सील नवी बसवली, तेल खुणेपर्यंत मोजून घातलं. गाडी आतून पुसताना त्यांनी पायाखालचे रबरी मॅट बाहेर काढले आणि मला हाक मारली.

"साहब, ड्राइवर साइड का मैट तो अच्छा है. ये बाजू वाला किसने फाड़ा?"

मी बघितलं. डाव्या सीटपुढच्या मॅटला, उजवा पाय टेकतो बरोबर तिथे, झिजून झिजून भोक पडलं होतं. तिथे ब्रेक नसतो! तरी बाईसाहेब इतकी वर्षं दाबत होत्या!

घरी येऊन मी हे रंगवून सांगितलं. निखिलच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. पल्लवीनं फोनवर दोनदा ऐकलं. हीसुद्धा हसली, सगळ्यांपेक्षा थोडी उशिरा. म्हणाली, "मग आता नवीन मॅट आणा."

आणि पुठ्ठा कोरडा! नवा पुठ्ठा आणला, त्यावर जुन्याच जागी नवी फुली मारली, आणि रोज सकाळी तो उचलून निखिलच्या चहासमोर नेऊन धरायला लागलो. "बघ! आहे काही?" पल्लवीला फोटो. चौकसेजींना बोलावून दाखवला, तर ते म्हणाले, "हमने तो पहले ही कहा था, एसी का पानी है." मी त्यांनाही माफ केलं. असे कोरडे दिवस मला रिटायर झाल्यापासून आले नव्हते.

*

आता शेवटचा. याबद्दल घरात कुणाला काही विचारू नका.

हिनं आदल्या दिवशी कडबोळी केली होती. डबाभर वर दिली, डबाभर खाली ठेवली. घरभर तळणीचा वास.

सकाळी मी उठायच्या आत निखिल कामासाठी खाली आला होता. त्यानं मला हाक मारली, "बाबा." यावेळी तो ओरडला नाही, म्हणूनच मी अनवाणी पोर्चकडे धावलो.

पुठ्ठ्यावर डाग होता. काळपट, चांगला तळहाताएवढा.

"शक्यच नाही," मी म्हटलं. जुनी चटई अंथरली, उजेडाला बॅटरी घेतली आणि या वयात गाडीखाली शिरलो. चेंबरवरून हात फिरवला. कोरडं. सीलच्या कडेनं बोट फिरवलं. कोरडं. नटबोल्ट कोरडे, पाइप कोरडा, कुठेही लटकलेला एक थेंब नाही. आणि खाली डाग मात्र बरोब्बर माझ्या फुलीवर. इंजिन इतकं नेमकं कधीच गळत नाही.

मी डागात बोट बुडवून नाकाशी नेलं.

ओव्याचा वास आला. बॅटरी जवळ धरली, तर बोटाला ओव्याचा एक करपलेला दाणा चिकटलेला. ते तळणीचं तेल होतं.

मी तसाच पडून राहिलो. तिथून फक्त पाय दिसत होते. समोर निखिलचे बूट. त्यांच्यामागे, दारात, हिचे पाय. ते जागचे हलत नव्हते.

मुलांशी मला भांडता आलं असतं. त्यांच्याशी भांडायचं ठरवूनच तर मी खाली शिरलो होतो.

"बाबा, काय आहे?" निखिलनं वाकून विचारलं. आवाजात जिंकल्याची खुशी नव्हती, उलट बिचाऱ्याला वाईटच वाटत होतं. "इंजिन ऑइलच ना?"

मी बोट बनियनला पुसलं.

"इंजिन ऑइलच," मी म्हटलं. "दुसरं काय असणार?"

त्यानं हात देऊन मला उठवलं. म्हणाला, "एवढी घाई नाहीये, बाबा. बघू अजून एकदा शकीलभाईंना विचारून."

"काही विचारायचं नाही. शब्द म्हणजे शब्द. तुझ्या करोंदवाल्याला फोन लाव."

आत येऊन हात धुतले आणि खुर्चीत बसलो. किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली. ही चहा घेऊन आली, बशीत कडबोळी होती. बशी ठेवताना तिनं किल्ली थोडी बाजूला सरकवली.

"कशी झालीत?" तिनं विचारलं.

मी एक खाल्लं. मग आणखी एक घेतलं.

"चांगली झालीत," मी म्हटलं. "तेल पुरलं ना?"

"पुरलं," ती म्हणाली.